थ्रीडी शिकवताना आधी खरी रिबन हातात द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थ्रीडी डिझाइनबद्दल पेपरात आणि पुरवण्यांमध्ये हल्ली बरंच येतं, कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, कॉम्प्युटर कसला घ्यावा, पुढे कामं कुठे मिळतात वगैरे, आणि ते वाचून मुलं उत्साहाने सॉफ्टवेअर उतरवून घेतातसुद्धा, पण उघडल्यावर नेमकं बघायचं काय आणि बनवायचं काय हे कोणीच सांगत नाही, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं असं की नवीन शिकणाऱ्याला रोबो आणि गाड्या द्यायच्या आधी गिफ्टच्या बॉक्सवर असतो तो रिबनचा साधा बो बनवायला द्यावा, आणि तोही खरी रिबन समोर ठेवून.

थ्रीडीत बनवलेले बो नीट बघितलेत तर बरेचसे रबराचे वाटतात. रंग बरोबर असतो, चमक असते, तरी कुठेतरी खटकतं. कारण रिबनचा एक स्वभाव असतो जो सॉफ्टवेअरला आपोआप माहीत नसतो. रिबन टेबलावर सपाट ठेवा आणि तशी सपाटच डावीकडे वळवून बघा, वळत नाही, आतली कड उचलून चुण्या पडतात आणि बाहेरची ताणली जाते. तिला वळायचं असेल तर ती एकतर गोल वाकते, नाहीतर दुमडते, नाहीतर पीळ घेते. विणलेलं कापड तिरकं थोडं सरकतं हे खरं, पण थोडंच. न ताणता वाकवलेल्या पृष्ठभागाची मूळ वक्रता, म्हणजे दोन्ही दिशांची मिळून होणारी, बदलत नाही हे गणितज्ञ गाउसने 1827 मध्येच सिद्ध करून ठेवलंय, म्हणजे सपाट पट्टीचा चेंडूसारखा फुगीर आकार होऊच शकत नाही. आपण मात्र स्क्रीनवर व्हर्टेक्स, म्हणजे मॉडेलचे कोपऱ्याचे बिंदू, पकडून ओढत सुटतो, सॉफ्टवेअर काही अडवत नाही, आणि बोचा लूप, म्हणजे बाजूचा फासा, फुगा होऊन बसतो.

आता ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरचंच उदाहरण घेते. क्यूब ओढूनताणून बो करण्यापेक्षा बेझिए कर्व्ह, म्हणजे हवी तशी वळवता येणारी रेषा, काढा, कर्व्हच्या जॉमेट्रीत एक्स्ट्रूड वाढवा, म्हणजे रेषेला रुंदी द्या, लगेच सपाट पट्टी तयार होते, आणि मग खरं काम सुरू होतं ते टिल्टचं, म्हणजे पट्टी कलती करण्याचं. एडिट मोडमध्ये पॉइंट निवडून कंट्रोल टी दाबलं की त्या जागी पट्टीला पीळ बसतो. कर्व्ह जिथे एस आकारात उलट वळते तिथे पट्टी कधी कधी अचानक पलटी मारते, मुलं तिथेच वैतागून सोडून देतात, तेव्हा पीळ कसा धरायचा ते ठरवणारी ट्विस्ट मेथड मिनिमम, टँजंट आणि झेड-अप अशी बदलून बघायची आणि उरलेलं टिल्टने हाताने सुधारायचं. जाडी सॉलिडिफाय नावाच्या मॉडिफायरने, म्हणजे मॉडेलवर आपोआप बदल करणाऱ्या सोयीने, द्यायची पण अगदी नावाला, रिबनची कड जाड दिसली की ती चामड्याचा पट्टा वाटते. आणि कर्व्हचं मेश (बिंदू आणि पृष्ठांची जाळी) करून पुढचे मॉडिफायर लावायच्या आधी स्केल अप्लाय करायला, म्हणजे लहानमोठं केलेलं माप पक्कं करायला विसरू नका, नाहीतर जाडी एकीकडे कमी एकीकडे जास्त येते आणि का ते कळत नाही.

अजून एक गोष्ट, लांबी. खऱ्या बोमध्ये एकच पट्टी फिरत असते. लूप 10 सेंटीमीटरचा हवा तर जाऊन येऊन 20 सेंटीमीटर रिबन लागते, दोन लूपना 40, दोन टोकांना 12-12 धरली तर 24, मधल्या गाठीला 6, म्हणजे साधारण 70 सेंटीमीटर झाली. मुलांना हा हिशोब आधी कागदावर करायला लावा. गाठीतून निघालेली पट्टी कुठे जाते हे ज्याने मोजलंय त्याचा बो कधी हवेतून उगवल्यासारखा दिसत नाही.

गाठीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ती सिम्युलेशनने, म्हणजे कापडाची हालचाल कॉम्प्युटरला मोजायला लावून, बांधायच्या भानगडीत पडू नये. क्लॉथ या कापडाच्या सिम्युलेशनमध्ये सेल्फ कोलिजन (कापडाचं स्वतःलाच अडणं) चालू करून पट्टी स्वतःमधून ओढत न्यायची म्हणजे कॉम्प्युटर रडतो आणि कापड एकमेकांच्या आरपार जातं ते वेगळंच. तयार बो विकायला बनवतात तिथेही मधे वेगळी छोटी पट्टी गुंडाळलेली असते, मग थ्रीडीत तसंच केलं तर त्यात खोटं काहीच नाही. सिम्युलेशन वापरायचंच तर टोकं नैसर्गिक लोंबावीत म्हणून वापरा, गाठीजवळचे व्हर्टेक्स पिन करून, म्हणजे जागेवर खिळवून ठेवा आणि बेंडिंगची स्टिफनेस (वाकताना होणारा विरोध) थोडी वाढवा, कारण नुसता सिल्कचा तयार प्रिसेट लावला की लूप मलूल होऊन खाली पडतात. जीव ओतायचा तो चुण्यांवर. रिबन मधोमध चिमटीत धरा आणि बघा, चुण्या गाठीपाशी खोल आणि अगदी जवळजवळ असतात, बाहेर येता येता पसरत जातात आणि लूपच्या टोकाला पोचेपर्यंत नाहीशा होतात. सगळ्या सारख्या अंतरावर कधीच नसतात. एवढं एक उतरलं तरी बो कापडाचा दिसायला लागतो.

मग चमक. सॅटिनमध्ये धागे लांब लांब मोकळे सोडलेले असतात म्हणून उजेड ठिपक्यासारखा न पडता रिबनच्या रुंदीत आडवा पट्टा होऊन पसरतो, त्यासाठी मटेरियलमध्ये ॲनायसोट्रॉपिक, म्हणजे एका दिशेत जास्त पसरणारी चमक, लागतं आणि यूव्ही, म्हणजे पृष्ठभागाचा सपाट उलगडलेला नकाशा, सरळ पट्टीसारखं उलगडलेलं लागतं, नाहीतर चमक भलतीकडेच वळते. आणि साध्या सॅटिन रिबनची एकच बाजू चमकदार असते, दुसरी मंद! बो बांधणारे प्रत्येक लूपनंतर चिमटीत अर्धा पीळ देतात तो याच्यासाठी, चमकदार बाजू बाहेर राहावी म्हणून. थ्रीडीत हे फार कमी लोक करतात. सॉलिडिफायमध्ये मटेरियल ऑफसेट नावाचा आकडा असतो, त्याने मागच्या बाजूला वेगळं मटेरियल देता येतं, मग लूपच्या आतून डोकावणारी ती मंद बाजू दिसली की फरक लगेच डोळ्यात भरतो.

तयार मॉडेल डाउनलोड करून काम भागतं असं कोणी म्हणेल. कामाच्या घाईत भागतही असेल, पण शिकणाऱ्याचं त्याने काय होणार? वाकणं, पीळ, जाडी, लांबी, विणीची चमक हे सगळं एका छोट्याशा वस्तूत शिकायला मिळतंय आणि खर्च काहीच नाही, ब्लेंडर तर 2002 मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि सगळ्यांसाठी मोफत खुलं करून घेतलं, ते आजही तसंच आहे.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत सॉफ्टवेअरच्या नावांची यादी थोडी कमी करून असा एखादा धडा मराठीत सविस्तर द्यावा, स्क्रीनच्या चित्रांसकट, आणि पहिलं चित्र खऱ्या बांधलेल्या बोचं असावं, गाठीजवळून काढलेलं, चुण्या मोजता येतील इतक्या जवळून.

आपली नियमित वाचक