पूर आठवतो, मोरी आठवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षीप्रमाणे यंदाही १२ जुलैच्या सुमारास आपल्या पुरवणीत १९६१ च्या पानशेत पुराच्या आठवणी छापून आल्या. पेठांत शिरलेले पाणी, कोसळलेले वाडे, नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडलेली कुटुंबे हे सगळे घडले आहे आणि ते सांगितले जावे, याबद्दल दुमत नाही. तथापि त्याच दिवसाच्या काही गोष्टी साठहून अधिक वर्षे घोळवून घोळवून सांगितल्या जातात आणि काहींचा उल्लेखही होत नाही, असे का व्हावे, याचा विचार केला पाहिजे.

त्या वेळी पानशेत धरणाचे काम पुरते झालेले नव्हते, तरी त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचू लागला, लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो शक्य तितका वेळ थोपवून धरला, त्यामुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. यातली पोत्यांची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मोरीची विचारली तर बहुतेक जण गप्प होतात. जवान डोळ्यांसमोर उभा राहतो, मोरी मात्र कागदावर आकृती काढल्याखेरीज समजावता येत नाही. नदीकाठच्या पेठांत काही जुन्या भिंतींवर पाण्याच्या पातळीची खूण तारखेसह राखलेली आहे. तिच्याखाली उभे राहून, हात डोक्याच्या वर नेऊन ‘इथपर्यंत होतं बघा’ एवढे म्हटले की सांगणाऱ्याचे काम झाले, ऐकणाराही घरी जाऊन तेवढेच सांगतो. धरणाच्या भरावापाशी असा हात नेणार कुठे?

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाने आठवून लिहिलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी वाचायला दिली होती. प्रत्येक हाताला गोष्ट आखूड होत गेली आणि अनोळखी, अवघड तपशील आधी गळाले. पानशेतच्या बाबतीत कारण गळाले ते याच वाटेने, असे मला वाटते. कोणी ते मुद्दाम दडवले असे मानण्याची गरज नाही. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतील तिघा संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून काही विधाने वाचून दाखवली, तेव्हा खरी असोत वा खोटी, पुन्हा कानावर पडलेली विधाने त्यांना अधिक खरी वाटू लागली. म्हणजे जे सांगायला सोपे ते वारंवार सांगितले जाते आणि जे वारंवार ऐकले तेच पुरेसे वाटू लागते.

वृत्तपत्रांचेही फारसे वेगळे नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे छायाचित्र दर पावसाळ्यात येते, कारण पूल बुटका आहे, भर वस्तीत आहे आणि छायाचित्रकाराला फार लांब जावे लागत नाही. (पत्रलेखकही यातून सुटत नाहीत, फ्लेक्स, पदपथ आणि फटाके यांपलीकडे आमची लेखणी क्वचितच जाते.) उलट २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसे दगावली, पण त्या तारखेला पुरवणी निघत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा चार दिवस निळ्या आणि लाल पूररेषेची चर्चा झाली आणि पाण्याबरोबर तीही ओसरली. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, ही माहिती नदीकाठी सदनिका घेणाऱ्याला भिडे पुलाच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे. पण रेषा नकाशात असते आणि नकाशा कोणी मोबाइलवर पुढे ढकलत नाही.

म्हणून एक सूचना करतो. पुढील १२ जुलैला आठवणी अवश्य छापाव्यात, मात्र त्यांच्या शेजारी धरण का फुटले याची साधी, सुबक आकृती द्यावी आणि शहरातील मुठेच्या दोन्ही पूररेषांचा नकाशा, त्यावर पुलांची आणि रस्त्यांची नावे वाचता येतील एवढा मोठा छापावा. तो एकदाच न छापता दर पावसाळ्याच्या तोंडावर, त्याच पानावर आणि त्याच आकारात यावा. जागा कमी पडत असेल तर भिडे पुलाचे छायाचित्र एक वर्ष वगळले तरी वाचकांची तक्रार येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
नारायण पेठ, पुणे