तटबंदी पाडली की कॅन्सर संपला, इतकं सोपं नाहीये ते

संपादक साहेब,

गेल्या आठवड्यातल्या आरोग्य पुरवणीत स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. विषय घेतलात हेच खूप, नाहीतर मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर गेले तेव्हा चार दिवस सगळीकडे पॅनक्रियाज पॅनक्रियाज चाललं आणि नंतर सगळे विसरूनच गेले. पण लेखातलं एक फारच खटकलं. गाठीभोवती कडक तटबंदी असते, त्यामुळे औषध आत शिरत नाही, उंदरांमध्ये ती पाडल्यावर केमो चालली, म्हणजे आता उपाय हाताशी आलाच म्हणे. अहो ही गोष्ट २००९ ची आहे! पुढे माणसांमध्ये काय झालं त्यावर लेखात एक ओळ नाही.

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये स्लाइडी बनवण्यातच नोकरी काढली, त्यामुळे तटबंदीचा भाग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बाकी बऱ्याच गाठींच्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी खच्चून भरलेल्या दिसतात, इथे त्या शोधाव्या लागतात, सगळीकडे गुलाबी धागेच धागे आणि मधेच कुठेतरी कॅन्सरच्या पेशींच्या वेड्यावाकड्या नळ्या. गाठीचा ८०-९० टक्के भागसुद्धा कॅन्सर नसलेला असू शकतो, म्हणजे कोलॅजन (तेच गुलाबी धागे), हायल्यूरॉनिक अ‍ॅसिड, फायब्रोब्लास्ट (धागे विणणाऱ्या पेशी), इम्यून पेशी वगैरे. हे धागे तयार करण्यात मोठा हात असतो स्टेलेट पेशींचा. चांगल्या स्वादुपिंडात या पेशी व्हिटॅमिन ए साठवून गपचूप पडलेल्या असतात, पण शेजारच्या पेशीतलं केरास (KRAS, पेशीला वाढायचा हुकूम देणारं) जीन बिघडलं (दहातल्या नऊ पेशंटमध्ये ते बिघडलेलं असतंच) की तिथून सिग्नल सुटायला लागतात आणि या जाग्या होतात. त्यातल्या एका सिग्नलचं नाव सॉनिक हेजहॉग, हो, त्या व्हिडिओ गेमवरूनच ठेवलंय, शास्त्रज्ञांची पण कमाल असते. मग धागे आणि पाणी धरणारी साखर (म्हणजे वरचं हायल्यूरॉनिक अ‍ॅसिड) इतकी साठते की आतला दाब वाढून रक्तवाहिन्याच चेपल्या जातात, मग केमो पोचणार कुठून?

केंब्रिजच्या टीमने २००९ मध्ये हाच हेजहॉग सिग्नल अडवणारं औषध जेमसिटाबीन या केमोच्या औषधाबरोबर उंदरांना दिलं, तर ११ दिवस जगणारे उंदीर २५ दिवसांपर्यंत गेले. साहजिकच सगळीकडे आनंदीआनंद. लगेच माणसांवर ट्रायल सुरू झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती मधेच बंद करावी लागली, कारण नवीन औषध घेणारे पेशंट नुसतं जेमसिटाबीन घेणाऱ्यांपेक्षा लवकर जात होते!! नंतर २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी उंदरांमध्ये दाखवलं की हे आवरण कमी केलं तर गाठ उलट जास्त आक्रमक होते. तरी पुन्हा, हायल्यूरॉनिक अ‍ॅसिड विरघळवणारं एक एन्झाइम जवळपास ५०० पेशंटवर तपासलं, २०१९ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही.

असं का होतं तर त्या धाग्यांमधल्या पेशी सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. २०१७ मध्ये टीपलं गेलं की गाठीला चिकटून असलेले फायब्रोब्लास्ट वेगळे आणि जरा लांब बसून आयएल-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं सोडणारे वेगळे. काही जण गाठीला रोखून धरतात, काही जण तिला चक्क जेवू घालतात (स्टेलेट पेशी अ‍ॅलनिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड पुरवतात आणि कॅन्सरच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात, हे २०१६ चं काम). सरसकट सगळं आवरण काढलं तर रोखणारेही जातात. म्हणजे तटबंदीची उपमाच मुळात अपुरी आहे, तिथे राहणारे कोण कोणाच्या बाजूचे हे बघायला नको का?

अजून एक, लेखात स्टीव्ह जॉब्सचा फोटो टाकलाय. त्याचा कॅन्सर स्वादुपिंडातलाच पण न्यूरोएंडोक्राइन जातीचा (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा), सावकाश वाढणारा, तो २००३ च्या निदानानंतर आठ वर्षं जगला. लेख ज्या जातीबद्दल आहे तिच्यात असं क्वचितच होतं, त्यामुळे घरात पेशंट असलेल्यांनी तो फोटो बघून उगाच हिशोब मांडू नयेत.

पुढच्या भागात केरासवरच्या गोळ्यांबद्दल देणार असं छापलंय म्हणून आत्ताच सांगतो. केरासमधला बिघाड सगळ्यांमध्ये सारखा नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेली पहिली गोळी जी१२सी या बिघाडावर चालते, आणि स्वादुपिंडात तो शंभरात एखाद-दोन पेशंटनाच असतो. इथे सगळ्यात जास्त सापडतो तो जी१२डी. लेखकांना म्हणावं कुठली गोळी कुठल्या बिघाडावर, आणि उंदरात की माणसात, एवढं प्रत्येक औषधापुढे कंसात तरी लिहा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली