कोल्हापूरचे स्थानक आणि त्याच्या पाठीमागची पेठ

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसच्या नूतनीकरणाविषयीच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत स्थानक योजनेत देशातील ५०८ स्थानकांच्या कामांची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. महाराष्ट्रातील ४४ स्थानके त्यांत होती आणि पुणे विभागातून आकुर्डी व तळेगावबरोबर कोल्हापूरचाही समावेश होता. प्रवाशांना लिफ्ट, सरकते जिने, बरी प्रतीक्षालये आणि स्वच्छ स्वच्छतागृहे मिळावीत, याबद्दल कोणाचेच दुमत असणार नाही. तथापि या सगळ्या चर्चेत स्थानक म्हणजे एक इमारत, असे गृहीत धरलेले दिसते. आमच्या घरात दोन पिढ्या स्थानकालगतच्या शाहूपुरी पेठेत गुळाची अडत होती आणि गाडीच्या शिट्टीवर दुकानाची फळी उघडणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे हे गृहीतक मला खटकते, आणि ते का खटकते हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रेल्वे येण्यापूर्वी कोल्हापूरच्या व्यापाराचे तोंड कोकणाकडे होते. गूळ, तंबाखू, धान्य आणि भुईमूग बैलगाड्यांतून आणि तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून फोंडा, आंबा, अणुस्कुरा अशा घाटांनी खाली उतरत, तर खारेपाटण आणि राजापूरसारख्या बंदरांतून मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईचा माल वर येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा, मार्ग मिरजेवरून गेला. कोल्हापूर त्या मार्गापासून सुमारे ४७ किलोमीटर दूर राहिले. एवढ्या अंतराने शहर कायमचे आडबाजूला पडण्याची भीती होती, म्हणून कोल्हापूर दरबाराने मिरज ते कोल्हापूर हा मार्ग संस्थानाच्या पैशाने बांधावयाचे ठरविले. १८८८ च्या मे महिन्यात त्याची पायाभरणी शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये कोल्हापूरला गाडी आली. मार्ग संस्थानाच्या मालकीचा आणि त्यावरील गाड्या चालविण्याचे काम कंपनीकडे, अशी ती व्यवस्था होती.

येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. व्याख्यानांतून आणि फलकांवरून ‘शाहू महाराजांनी रेल्वे आणली’ असे सरसकट म्हटले जाते. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे पायाभरणीच्या वेळी त्यांना चौदावे वर्षही पुरे झालेले नव्हते. ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होते आणि राज्याचा कारभार अल्पवयीन राजाच्या वतीने मंडळ पाहत होते. रेल्वेचा निर्णय त्या मंडळाच्या काळातला आहे. असे म्हटल्याने महाराजांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, कारण त्यांचे खरे कर्तृत्व रेल्वे आल्यानंतर दिसते. २ एप्रिल १८९४ रोजी अधिकारसूत्रे हाती आली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्थानकाला लागून शाहूपुरी ही व्यापारी पेठ त्यांनी वसविली. तेथे गुळाचा व्यापार उभा राहिला आणि कोल्हापुरी गुळाचे रवे वॅगनांत भरून बाहेर जाऊ लागले. १९०६ मध्ये श्री शाहू छत्रपती मिलची सुरुवात झाली. १९१७ मध्ये याच लोहमार्गावर, शिरोळ भागात, महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही नवी बाजारपेठ वसविली. तिचे सरळ रस्ते आणि चौक आजही पाहण्यासारखे आहेत. रूळ मंडळाने टाकले, पण रुळांचे काय करावयाचे हे महाराजांनी दाखविले. आधी गाडी आणि तिच्यामागून पेठ, असा तो क्रम होता. सध्याच्या नूतनीकरणाच्या कामात पेठेचा विचार कोठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

या मार्गाने पुढेही गावे घडविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली आणि त्यांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे होते. १९४८ पर्यंत ती छावणी रिकामी झाली आणि त्याच जागी फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे वसली. आज कपड्याच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. गाडी रुकडी सोडून कोल्हापूरकडे निघाली, की हा सारा इतिहास प्रवाशाच्या खिडकीबाहेरून जातो. पोलंडहून आपल्या आईवडिलांची जागा पाहावयास येणाऱ्या पाहुण्याला मात्र कोल्हापूरच्या फलाटावर उतरल्यावर त्याविषयीची एक ओळसुद्धा ठळकपणे वाचावयास मिळू नये, हे बरे नव्हे. आकर्षक विद्युत रोषणाईच्या खर्चाच्या मानाने ही माहिती देणाऱ्या एका भिंतीचा खर्च तो काय!

१९७१ मध्ये मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळांचा, झाला, ही या स्थानकाच्या आयुष्यातील दुसरी मोठी घटना. तोवर मुंबईला जाणाऱ्या माणसाला पुण्यात उतरून, सामानसुमान आणि पोराबाळांसह फलाट बदलून, मोठ्या रुळांवरची गाडी धरावी लागे. ज्यांनी ते केले आहे त्यांना रात्री गाडीत झोपून सकाळी थेट मुंबईत डोळे उघडण्याचे अप्रूप वेगळे सांगावे लागत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस हे नाव या शहरात आजही घरच्या माणसासारखे घेतले जाते. पुढे तिरुपतीला जाणारी हरिप्रिया आणि थेट गोंदियापर्यंत राज्य आडवे ओलांडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अशा गाड्या येथून सुटू लागल्या. अलीकडे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस वंदे भारत गाडीही सुरू झाली. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की मुंबईपर्यंत धावणारी सह्याद्री एक्सप्रेस कोरोनाकाळात बंद पडली आणि २०२३ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुण्यापर्यंतच धावू लागली. ज्या गाडीच्या भरवशावर सामान्य माणूस मुंबईची कामे उरकत असे, तिची उणीव नव्या गाडीच्या रंगाने भरून निघत नाही.

आता मूळ मुद्दा. मिरज ते कोल्हापूर हा मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी हातकणंगल्याला किंवा रुकडीला खोळंबून राहण्याचा अनुभव या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. मार्गात कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्या आहेत आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत येथील वाहतूक थांबवावी लागली होती. दर्शनी भाग कितीही देखणा केला, तरी मागच्या एकेरी रुळांवरून जेवढ्या गाड्या येऊ शकतात तेवढ्याच येणार. म्हणून दुहेरीकरण, आणि त्याच्याच जोडीने पूररेषेचा विचार करून पुलांची व भरावाची उंची, ही कामे स्थानकाच्या नूतनीकरणाचाच भाग मानली गेली पाहिजेत. हिशेबाची खाती वेगळी असतील, तो प्रशासनाचा प्रश्न आहे. प्रवाशाला त्याचे काय?

दुसरा विषय कोल्हापूर–वैभववाडी मार्गाचा. सह्याद्री पार करून कोकण रेल्वेला मिळणारा, शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हा मार्ग गेली अनेक वर्षे अर्थसंकल्प, सर्वेक्षण आणि आश्वासने यांच्यामध्ये फिरत आहे. रेल्वेपूर्वी कोल्हापूरच्या व्यापाराचे तोंड कोकणाकडे होते, हे मी वर लिहिले आहे; १८९१ च्या गाडीने ते मिरजेकडे वळविले आणि कोकणाकडे पाठ झाली. वैभववाडीचा मार्ग झाला, तर खारेपाटणच्या जुन्या वाटेवरून पुन्हा माल जाऊ लागेल. पावसाळ्यात करूळ वा भुईबावडा घाटात दरड कोसळली, की आज दोन्ही बाजूंच्या गावांचा व्यवहार ठप्प होतो. त्यालाही पर्याय मिळेल. ‘टर्मिनस’ म्हणजे जेथे रूळ संपतात ते ठिकाण, आणि आमच्या स्थानकाला नावच तसे दिलेले आहे! पण हा मार्ग झाला, तर येथे रूळ संपणार नाहीत. तो सध्याच्या स्थानकातून पुढे निघणार की अलीकडेच वळणार, त्यासाठी किती जागा राखून ठेवली आहे, आणि आज नव्याने उभी राहणारी बांधकामे उद्या पाडावी लागणार नाहीत ना, या तीन प्रश्नांची उत्तरे रेल्वे प्रशासनाने नकाशासह जाहीर करावीत, अशी माझी विनंती आहे.

तिसरी बाब अगदी घरची आहे. लोहमार्गाच्या एका अंगाला शाहूपुरी आणि दुसऱ्या अंगाला राजारामपुरी. शहर या दोन्ही बाजूंनी वाढले, पण स्थानकाचे तोंड एकाच बाजूला राहिले. परीख पुलाखालचा अरुंद रस्ता आजच्या वाहनांना पुरत नाही आणि जोराचा पाऊस झाला, की तेथे पाणी साचते. राजारामपुरीकडच्या, हातात दोन पिशव्या असलेल्या वयस्क प्रवाशाने गाडी गाठावी कशी? त्या बाजूने तिकीटखिडकी, रिक्षाथांबा आणि उतारासह पूर्ण वापराचे प्रवेशद्वार झाले, तर स्टेशन रोडवरील कोंडीही आपोआप हलकी होईल. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीचा अर्धा भार एकाच दाराने सोसावा, हे योग्य नाही. मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथपर्यंतचा पदपथ सलग आणि मोकळा असणे, हे खरे तर सर्वांत स्वस्त नूतनीकरण आहे आणि म्हणूनच बहुधा ते कोणाच्या आराखड्यात नसते.

गुळाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. गुळाचे सौदे आता मार्केट यार्डात होतात आणि माल ट्रकने जातो. गावाबाहेरच्या एका छोट्या स्थानकाचे ‘गूळ मार्केट’ हे नाव तेवढे जुन्या नात्याची आठवण देते. वॅगनांचे ते दिवस जसेच्या तसे परत येतील, अशी भाबडी अपेक्षा मी करीत नाही. परंतु गूळ, इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, गांधीनगरचे तयार कपडे आणि शिरोलीच्या फाउंड्रीतले सुटे भाग असा माल असलेल्या जिल्ह्याच्या मुख्य स्थानकात छोट्या व्यापाऱ्याला आपले पार्सल सहज नोंदविता येईल, वजनकाट्यापासून गाडीच्या डब्यापर्यंत हमालाला ते सरळ नेता येईल आणि ते पावसात भिजणार नाही, एवढी सोय तरी नव्या आराखड्यात असावी.

शेवटी जुन्या दगडी इमारतीबद्दल. नव्या कामात तिच्या भिंतींवर पत्र्याचे किंवा काचेचे आवरण चढवू नये, दगडांवर रंग देऊ नये आणि छपरात, कमानींत बदल करण्यापूर्वी शहरातील वास्तुविशारद व इतिहास अभ्यासक यांना आराखडा दाखवावा. स्थानकात महाराजांचे मोठे चित्र लावण्याची सूचना अनेकदा होते. ते जरूर लावावे. त्याच्या शेजारी १८९५ च्या शाहूपुरीची आणि १९१७ च्या जयसिंगपूरची आखणी दाखविणारे दोन नकाशेही लावावेत. आराखडा अद्याप नागरिकांसमोर खुला झालेला नसल्यास तो किमान एक महिना स्थानकाच्याच प्रतीक्षालयात ठेवून लेखी सूचना मागवाव्यात, आणि पुणे विभागाच्या अधिकाऱ्यांनी त्या काळात एक दिवस शाहूपुरीतील व्यापारी, हमाल, रिक्षाचालक आणि रोजचे प्रवासी यांच्यासमवेत बैठक घ्यावी.

आपला नम्र,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर