फुटबॉलपटूच्या वेळापत्रकात लॅबला जागा आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं कौतुक करणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. लाख लाख प्रेक्षकांची स्टेडियम, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या, आता त्यांना थेट मिळू लागलेला पैसा, हे सगळं खरं आहे. महाराष्ट्राच्या क्रीडा धोरणानेही हाच कित्ता गिरवावा, असा लेखाचा सूर होता. खेळाडूंच्या शिक्षणाबद्दल मात्र त्यात एकच वाक्य होतं, की त्यांना नामांकित विद्यापीठाची पदवीही मिळते. त्या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण माझं अमेरिकेतलं सगळं नोकरीचं आयुष्य त्या वाक्याच्या आतल्या बाजूला गेलं.

मी मूळची मिरजेची. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, लग्नानंतर अमेरिकेत आले आणि मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांची केमिस्ट्रीची ट्यूटर म्हणून काम केलं. आता निवृत्त होऊन शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. माझ्या टेबलापाशी पोहणारी मुलं-मुली आली, कुस्तीगीर आले आणि सगळ्यांत जास्त आले ते फुटबॉलवाले.

हे फुटबॉल म्हणजे अमेरिकेचं, हातात चेंडू घेऊन पळण्याचं. मुलगा शाळेत असतानाच रिक्रूटिंगच्या वेबसाइट त्याला दोनपासून पाच स्टार देऊन मोकळ्या होतात. कोच घरी येतात, आईच्या हातचं जेवतात. मग कॉलेजची व्हिजिट. मुलाला विद्यापीठाची जर्सी घालून फोटो काढतात, जिम दाखवतात, लॉकर रूममध्ये त्याच्या नावाची पाटी आधीच लावलेली असते. ज्या विद्यापीठांना अभ्यासातही नाव आहे त्यांचे कोच आईकडे वळून एक ठरलेलं वाक्य बोलतात, ‘हा चार वर्षांचा नाही, चाळीस वर्षांचा निर्णय आहे.’ वाक्य अगदी बरोबर आहे. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा पुढे व्यावसायिक संघात जात नाहीत, हा कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेचाच हिशेब आहे. जे जातात त्यांच्यापैकीही बहुतेकांचा खेळ तिशीच्या आत आटोपतो. तेव्हा चाळीस वर्षं निभावतील ती पदवी आणि तिच्यामागचं ज्ञान. पण ते मिळवायला मुलाच्या आठवड्यात जागा ठेवली आहे का, हे त्या व्हिजिटमध्ये कोणी दाखवत नाही.

नियम कागदावर चांगला आहे. हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त खेळ नको. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी त्याचे तीनच तास धरतात. प्रवास धरत नाहीत, दुखापतीचे उपचार धरत नाहीत, ‘स्वेच्छेने’ केलेला व्यायाम धरत नाहीत. माझ्याकडे येणारी मुलं रात्री आठला यायची, तेव्हा केस ओले असायचे आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली असायची.

त्यातल्या एकाबद्दल सांगते. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू असलेल्या आपल्या खेळाडूसाठी समोरच्यांना अडवणाऱ्या फळीत खेळायचा. सव्वासहा फूट उंच, वजन तीनशे पौंडांच्या आसपास, आणि त्याला हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. बोटांना पांढऱ्या टेपच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. त्या बोटांत पेन्सिल धरून तो सायक्लोहेक्झेनची, म्हणजे सहा कार्बन अणूंचं कडं असलेल्या रेणूची, खुर्चीच्या आकाराची आकृती काढायचा. समोरासमोरच्या रेषा समांतर आल्या नाहीत की खोडायचा, परत काढायचा. कागद भोकं पडेपर्यंत. बाकीची मुलं कुठला हायड्रोजन उभा आणि कुठला आडवा हे पाठ करायची. हा मॉडेल किट हातात घेऊन फिरवायचा आणि कोण कुणाच्या वाटेत येतं ते दाखवायचा. मैदानावर दर खेळीला त्याला तेच बघावं लागायचं, त्यामुळे अणूंची अडवाअडवी त्याला इतरांपेक्षा लवकर दिसायची. इतकी उपजत समज मी फार थोड्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिली.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दीडला सुरू व्हायची, पाचपर्यंत चालायची. त्या सत्रात दुसरी बॅच नव्हती. संघाची मीटिंग दोनला. कोणीही त्याला ‘डॉक्टर होऊ नकोस’ म्हटलं नाही. सल्लागाराने फक्त वेळापत्रकात ‘बसणाऱ्या’ विषयांची यादी पुढे सरकवली. त्याने मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलला. वेळेत पदवीधर झाला, गुणही चांगले मिळाले. विद्यापीठाच्या अहवालात तो यशस्वी खेळाडू म्हणूनच मोजला गेला असणार. आज तो विमा कंपनीत आहे. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण ते त्याने निवडलं नव्हतं. मंगळवारच्या दुपारने निवडलं.

हे एकट्याचं रडगाणं नाही. शिकागोच्या उत्तरेला इव्हॅन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे, देशातल्या अग्रगण्य खासगी विद्यापीठांपैकी एक. २०१४ मध्ये तिथल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हाती असलेला खेळाडू) केन कोल्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युनियन करण्यासाठी राष्ट्रीय कामगार मंडळाकडे धाव घेतली. कोल्टरलाही वैद्यकीय शाखेकडे जायचं होतं. केमिस्ट्रीचा आवश्यक वर्ग प्रॅक्टिसच्या वेळेत येत होता, तो मागे पडला आणि शेवटी त्याने मानसशास्त्र घेतलं. शपथेवर दिलेली साक्ष आहे ही. हंगामात खेळाडू आठवड्याचे चाळीस ते पन्नास तास फुटबॉलला देतात, असं मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी निकालात नोंदवलं आणि खेळाडू हे कर्मचारी आहेत असं ठरवलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, वरच्या मंडळाने या प्रकरणात पडायलाच नकार दिला आणि युनियन राहून गेली. निकालपत्रातला तासांचा हिशेब मात्र कोणी पुसलेला नाही.

आता विद्यापीठांच्या नावाच्या चुरशीबद्दल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच पाहिलेल्या माणसाला चुरस काय असते ते मी सांगायला नको. पण इथे मैदानातल्या चुरशीला हुशारीचा दर्प चिकटलेला असतो. महागड्या खासगी कॉलेजांच्या स्टँडमधून सरकारी विद्यापीठाच्या संघाला उद्देशून जुनी घोषणा येते, की ठीक आहे, जिंका, उद्या नोकरीला आमच्याकडेच याल. माझ्या ओळखीचे कितीतरी मराठी इंजिनिअर इलिनॉय राज्याच्या सरकारी विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला शिकलेले आहेत. ज्या जॉन बार्डीन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं, ते तिथेच शिकवत होते. अशी घोषणा ऐकून या मंडळींचं रक्त उसळतं, ते मी समजू शकते. मला मात्र राग येतो तो वेगळ्या कारणाने. घोषणा देणारी मुलं उन्हाळ्यात बँकांत, हॉस्पिटलांत, कंपन्यांत इंटर्नशिप करतात, नोकरीची वाट तिथूनच निघते. त्यांच्या विद्यापीठाची शान म्हणून जो मैदानात उतरतो, त्याचा उन्हाळा संघाच्या व्यायामात जातो. एकाच विद्यापीठाचं नाव दोघांच्या पदवीवर असतं, पण एकाच्या बायोडेटात तीन उन्हाळे भरलेले असतात आणि दुसऱ्याचे कोरे.

आणि नाव मोठं म्हणजे शिक्षण खरं, असंही धरून चालू नये. नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपल हिल हे देशातल्या उत्तम सरकारी विद्यापीठांत गणलं जातं. तिथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं असे वर्ग चालले, ज्यांत तास नाहीत, प्राध्यापक नाही, एक निबंध दिला की भरघोस गुण. तीन हजारांवर विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे २०१४ च्या चौकशी अहवालातून बाहेर आलं. हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून २०१७ मध्ये एनसीएएला विद्यापीठावर कारवाईसुद्धा करता आली नाही. त्या मुलांना कोणी फसवलं म्हणायचं?

उलट टोकही शिकागोतच आहे. शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर हा १९३५ साली हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, पहिला मानकरी. पण विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांना विद्यापीठात फुटबॉलचा हा बडेजाव नकोच होता आणि १९३९ मध्ये त्यांनी संघ बंद केला. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या स्टँडखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मींनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉल गेलं म्हणून विद्यापीठाचं नाव काही कमी झालं नाही. तरी मी ‘बंद करा’ म्हणणार नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कोणी नव्हतं, आणि फुटबॉल नसतं तर त्यांनीही पाहिलं नसतं. शिकागोनेही १९६९ मध्ये संघ पुन्हा उभा केला. आज तो खेळाची शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो.

जागा करायची ठरवली तर होते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू मायरन रोल याची ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत नोव्हेंबर २००८ मध्ये अलाबामात होती, त्याच दिवशी संध्याकाळी मेरीलँडला सामना. मुलाखत झाली, निवड झाली, तो विमानाने सामना सुरू झाल्यावर पोहोचला आणि खेळला. ऑक्सफर्डला शिकून आला, २०१० मध्ये व्यावसायिक संघाने त्याला घेतलंही. पुढे तो मेंदूचा शल्यविशारद झाला. मुलगा असामान्य होताच, पण त्या शनिवारी कोच, विद्यापीठ, एनसीएए, सगळ्यांनी त्याच्यासाठी वाट मोकळी केली. माझ्या विद्यार्थ्याला एवढंही नको होतं. लॅबची एक दुसरी बॅच पुरली असती.

गेल्या काही वर्षांत या खेळात पैशांचा पूर आला आहे. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करू शकतात. जुलै २०२५ पासून, कोर्टातल्या तडजोडीनंतर, एकेक विद्यापीठ सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं. मुलांना त्यांच्या घामाचे पैसे मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी यादीतून, काही मुलं दर वर्षी कॉलेज बदलू लागली आहेत. अशा बदलात बऱ्याचदा काही क्रेडिट नव्या ठिकाणी धरले जात नाहीत. कॉलेजात खेळण्याची ठरलेली मुदत संपते तेव्हा काहींची पदवी तिसऱ्या विद्यापीठात अर्धी लोंबकळत असते.

आपल्याकडच्या पालकांसाठी हे का लिहिते आहे? पुण्या-मुंबईतली टेनिस, स्क्वॉश, पोहणं यांत चमकणारी मुलं आता अमेरिकी कॉलेजांकडे डोळे लावून असतात आणि शिष्यवृत्ती मिळवून देणारे एजंटही पुष्कळ झाले आहेत. त्यांनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन असलेल्या आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना जाहिरातीचे पैसे घेताना व्हिसाच्या नोकरीविषयक अटी आड येतात. आणि व्हिजिटला गेलात तर जिम बघून परत येऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूचं या आठवड्याचं वेळापत्रक मागा. आपल्या मुलाला जो विषय हवा आहे, त्यात या संघातल्या कितीजणांनी पदवी घेतली ते विचारा, आणि कोचला नाही, खेळाडूला एकट्याला गाठून विचारा. खेळण्याची वर्षं संपल्यावर एखादं सत्र उरलं तर त्याची फी कोण भरणार, ते लेखी घ्या.

राहिला महाराष्ट्राचा कित्ता. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे चांगलंच आहे. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलेल्या मुलाचं प्रॅक्टिकल बुडतं तेव्हा काय होतं, हे विज्ञान शाखेच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. बऱ्याचदा जर्नलवर सही मिळते, प्रयोग मात्र हाताखालून गेलेला नसतो. स्टेडियम बांधायला कोट्यवधी लागतील. स्पर्धेहून परत आलेल्या मुलांसाठी शनिवारी प्रयोगशाळा उघडून प्रॅक्टिकलची एक जादा बॅच घ्यायला एक शिक्षक, एक प्रयोगशाळा सहायक आणि थोडं मानधन लागेल. क्रीडा धोरणाच्या चर्चेत ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नियमित वाचक,
नेपरव्हिल, इलिनॉय (मूळची मिरजेची)