वरच्या मजल्यावरच्या मुलास, अनेक आशीर्वाद

चि. बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. तू जे केलंस ते इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, आणि ज्यांना सुचायला हवं होतं त्यांच्याही नजरेला हे पत्र पडावं असं मला फार वाटतं.

ह्यांना कंपवात आहे हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. हात थरथरतात ते लोकांना दिसतं, पाय थिजतात ते दिसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी आले की ह्यांची पावलं जमिनीला चिकटायची. टाचा उचललेल्या, चवडे जागच्या जागी, आणि कमरेपासून वरचं अंग मात्र पुढे निघालेलं. तोल जायचा तो तिथेच. मागून कुणी घाई केली की आणखीच अडकायचे. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एसटी आंबा घाटातून चढवली-उतरवली, त्याला घरातला उंबरा ओलांडता येईना.

दवाखाने आम्ही कमी केले नाहीत. एका मोठ्या ठिकाणी अर्धा दिवस बसून आत जावं, तर डॉक्टर ह्यांच्याकडे न बघता मला विचारणार, "झोप लागते का यांना? पोट साफ होतं का?" पाय अडकतात म्हटलं तर, "या आजारात व्हायचंच. व्हीलचेअर घेऊन ठेवा." पुढचा नंबर. सर्जिकलच्या दुकानदाराने महागातला वॉकर गळ्यात मारला. पाय थिजले की वॉकर पुढे सरकायचा आणि हे मागेच राहायचे. सोसायटीकडे जिन्याला भिंतीच्या बाजूने एक कठडा मागितला, त्याचं अजून "बघू" चाललंय. आणि ह्यांची चाल बघून "दुपारीच घेतात वाटतं" म्हणणारेही इथलेच. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि ते विसरणं मला जमणार नाही.

तुझ्याकडे तर मी काही मागितलंच नव्हतं. खाली राहिलेलं आमचं कुरियर द्यायला आलास, ह्यांना दारात अडकलेलं पाहिलंस आणि ओढायला धावला नाहीस. गप उभा राहिलास. नंतर विचारलंस, "काकू, काका जिना कसा उतरतात?" मी म्हटलं, तेच तर नवल आहे रे, जिना व्यवस्थित उतरतात. तुझा चेहरा असा उजळला, जणू ह्याच उत्तराची वाट बघत होतास.

मग मोबाइलवर तू मला मिलेहा सोनेजी दाखवलीस. आपल्या पुण्याची मुलगी, डिझाइन शिकायला नेदरलँड्सला गेलेली. तिच्या काकांना हाच आजार. सपाट जमिनीवर त्यांचं पाऊल पुढे पडत नाही आणि जिना मात्र सहज उतरतात, हे तिने टिपलं आणि जमिनीवर जिन्याचं नुसतं चित्र अंथरलं. काका त्यावरून चालत गेले. २०१५ साली डेल्फ्टमधल्या भाषणात तिने हे सांगितलंय. आपोआप चालण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाचं, तोच या आजारात कमजोर होतो. डोळ्यांपुढे रेघ आली की पाऊल ठरवून टाकलं जातं आणि मेंदूला दुसरी वाट मिळते, असं तू मला समजावलंस. पुढे हेही म्हणालास की जमिनीवरच्या रेघांचा हा उपयोग पर्डन मार्टिन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १९६७ सालीच लिहून ठेवलाय. एकोणीसशे सदुसष्ट! तेव्हा मी शाळेत होते. आणि आमच्या फायलीचा एवढा गठ्ठा झाला, त्यात एकाही कागदावर कुणी "जमिनीवर पट्ट्या लावून बघा" एवढं लिहू नये? त्या रात्री मला झोप आली नाही, रागाने.

पण मला खरं लिहायचंय ते पट्ट्यांबद्दल नाही.

तू मापं घ्यायला आलास तेव्हा सरळ खाली फरशीवर बसलास, ह्यांच्या पायाशी. मान वर करून विचारलंस, "काका, पट्ट्या कोणत्या रंगाच्या लावू?" या आजारात चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात, आवाज खोल जातो. डोकं शाबूत असलं तरी उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात विचारणारा माझ्याकडे वळलेला असतो. डॉक्टर वळतात, बँकेतली माणसं वळतात, आमचे नातेवाईकही वळतात. तू वळला नाहीस. मी बोलायला तोंड उघडलं, तर तू हात जरासा वर केलास आणि ह्यांच्याकडेच बघत राहिलास. किती वेळ गेला कोण जाणे. तुझ्या चेहऱ्यावर घाई नव्हती, कीवही नव्हती.

आणि हे म्हणाले, "पिवळा. रात्रीचा दिसतो."

ड्रायव्हर माणूस, दुसरं काय सांगणार! मग आपणहून पुढे म्हणाले, "अंतर माझ्या ढांगेचं घे. तुझ्या नको." किती दिवसांनी ह्यांना कुणी असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर फक्त ह्यांनाच ठाऊक होतं. मी भाजी बघायच्या निमित्ताने आत गेले ते उगीच नाही.

पुढचं सगळं तू आणि तुझ्या फिजिओथेरपी शिकणाऱ्या मैत्रिणीने पाहिलंत. नंबरप्लेटवाल्याकडून रेडियम कापून आणलंत, कडेला बोट अडकू नये म्हणून एकेक पट्टी घासून घासून बसवलीत. ह्यांनी पहिल्या पट्टीवरून पाय टाकला, मग दुसऱ्या, मग उंबरा, आणि थेट गॅसच्या ओट्याशी येऊन म्हणाले, "चहा टाक, पोरं दमलीत."

रोज असंच होतं असं नाही. गोळीचा जोर उतरला की पट्ट्याही पुरत नाहीत, तू तसं आधीच सांगितलं होतंस. पण दारातलं पडणं थांबलंय, आणि मी बाथरूममध्ये असताना सारखा कान बाहेर लावून बसत नाही.

त्या दिवशी तू आणखी दोघींबद्दल सांगितलंस. पाटण्याच्या शालिनी कुमारीने शाळेत असताना असा वॉकर सुचवला, ज्याचे पुढचे पाय कमी-जास्त करून जिनाही चढता येतो, कारण तिच्या आजोबांना जिना चढता येत नव्हता. अमेरिकेतल्या लिली बॉर्नने लहान वयात तीन पायांचा, सहज न कलंडणारा कप बनवला, तोही आजोबांसाठी, त्यांनाही कंपवातच. या सगळ्या मुलींच्या घरात कुणीतरी होतं. तुझ्या घरात असं कुणी नाही रे. तू परक्याच्या दारात थांबलास, आणि म्हणून मला तुझं जास्त वाटतं. हुशार मुलं मी खूप पाहिली, आमच्या नात्यातच दोन इंजिनिअर आहेत. ते आले की ह्यांच्या समोर बसून ह्यांच्याबद्दल माझ्याशी बोलतात. असं वळण घरातूनच लागत असणार, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी आपल्या फिजिओथेरपिस्टला या पट्ट्यांबद्दल जरूर विचारावं. खर्च फारसा नाही. कदाचित म्हणूनच कुणी सांगत नसावं.

बाथरूमजवळची पट्टी पाण्याने सुटायला लागली आहे. तुझी परीक्षा झाली की ये. येताना रेडियम आण, पिवळंच. मागच्या वेळी तू पैसे घेतले नाहीस, या वेळी घ्यायचे, असं काकांनी स्वतः सांगितलंय.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू