मावशीच्या गावातली तपासणी

बार्शी

प्रिय सुनंदा,

तुझ्या मुग्धाला कॅन्सरवर संशोधन करायचंय, आणि ‘म्हणजे नक्की काय करतात गं?’ असं तू विचारलंस. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, पण तुझं पत्र वाचून मला पुस्तक नाही आठवलं, कळंबकडची मावशी आठवली.

पंचवीसेक वर्षांपूर्वी तिच्या गावात नर्सबाई आल्या. ३० ते ५९ वयाच्या बायकांची नावं घरोघर जाऊन रजिस्टरात घेतली. तपासणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. मावशी म्हणाली, ‘‘मला काही होत नाही, अंगावरूनसुद्धा जात नाही, कशाला तपासायचं?’’ नर्सबाई दुसऱ्यांदा येऊन ओसरीवर बसल्या, तेव्हा कुठे ती निघाली. टेबलावर झोपवलं, अंगावर चादर, एक बारीक ब्रश आत फिरवून बाटलीत ठेवला. शेजारची काकू लाजून गेलीच नाही.

तो ब्रश एचपीव्ही नावाचा विषाणू शोधत होता. १९७०च्या दशकात या कॅन्सरसाठी संशय होता हर्पिसच्या विषाणूवर. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना गाठींच्या नमुन्यांत हर्पिस काही सापडेना. ते चामखिळीच्या विषाणूमागे, म्हणजे एचपीव्हीमागे, लागले आणि वर्षानुवर्षं लागूनच राहिले. १९८३ मध्ये एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार हाती आला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते पुढचं: सापडलेला डीएनए त्यांनी मागेल त्या शास्त्रज्ञाला दिला. नोबेल मिळालं २००८ मध्ये.

पण विषाणू सापडला म्हणून खेड्यातली बाई वाचते का? ते बघायला उस्मानाबाद जिल्ह्यात यावं लागलं. मुंबईचं टाटा, आपलं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्सच्या लिऑनमधली कर्करोग संशोधन संस्था, यांनी १९९९ मध्ये काम सुरू केलं. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तिसऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उठतो का ते बघायचं. चौथ्या भागातल्या बायकांना आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण तपासलं नाही. एकूण बायका १,३१,७४६. मग आठ वर्षं कोण आजारी पडलं, कोण गेलं, याची नोंद ठेवत राहायचं. बार्शीकडे गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवायचं काम १९८७ पासून चालू होतं, त्या सवयीचा आधार मिळाला.

निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६ बायका, त्यांतल्या या कॅन्सरने गेल्या ३४. चौथ्या भागात ३१,४८८, तिथे गेल्या ६४. पॅपने आणि आम्लाने मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले! जगभर आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देतात, त्यामागे आपल्या ज्वारीच्या मुलखातल्या या बायका आहेत.

वर्गात हे आकडे लिहिताना ६४ वर माझा खडू थांबतो. त्या काळी गावात कुणाचीच तपासणी होत नव्हती, आणि तुलनेला तो भाग नसता तर ३४ला काही अर्थ राहिला नसता, हे मला कळतं. तरी त्या ६४ जणी होत्या, कुणाच्या तरी आया होत्या. त्यांना तपासलं नाही यावर लोक भांडले, आणि भांडले ते बरंच झालं असं मला वाटतं. मुग्धाला डीएनए कुणीही शिकवेल गं. चौथ्या भागातल्या बाईसमोर बसून काय बोलायचं, हे तिनं आत्तापासून मनाशी घोळवायला हवं.

दिवाळीत तिला इकडे पाठव. मावशी आता ऐंशीला टेकली, पण अजून खणखणीत बोलते. तिच्या बाटलीत विषाणू निघाला नव्हता. काकूचं काय झालं, ते मुग्धा मावशीलाच विचारेल.

तुझी,
शैला