फॉर्मवर आणखी एक रकाना हवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात आई एका सरकारी रुग्णालयात नऊ दिवस ॲडमिट होती. घरी सोडायच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म पुढ्यात आला. ‘परिचारिकांची वागणूक’ या ओळीपुढे आईने ‘उत्तम’वर खूण केली. सिस्टर समोर उभ्या, डिस्चार्ज कार्ड अजून त्यांच्याच हातात. रिक्षात मी विचारलं, तर म्हणाली, “परत दुखलं तर इथंच यायचंय ना गं!”

त्यातली एक रात्र सांगते. दीडच्या सुमारास सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढू लागलं. टेबलापाशी धावले, तर तिथे कुणी नाही. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका आजीबाईंना ऑक्सिजन लावत होत्या. वीसेक मिनिटांनी आल्या आणि माझ्यावरच खेकसल्या, “तेवढी नळी बंद करता येत नाही?” असा राग आला! मग त्यांनी आईचा हात मांडीवर घेतला, टिचक्या मारून शीर शोधली आणि बोलता बोलता सुई लावली. आईला कळलंसुद्धा नाही. जाताना म्हणाल्या, “ताई, एक्केचाळीस पेशंट आहेत आणि मी एकटी.” जमिनीवरच्या गाद्या धरून मी मोजले. बरोबर होतं.

आता सांगा, या बाईंना मी उत्तम लिहू की असमाधानकारक?

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तिनामागे एक. पाचाचा हिशोब तीन पाळ्यांत वाटला, तरी एका पाळीत एकीच्या वाट्याला पंधरा येतात. राज्यातल्या परिचारिका 2022च्या मे महिन्यात संपावर गेल्या, तेव्हा त्यांचा एक विरोध बाहेरच्या एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला होता. आम्ही पेशंटचे नातेवाईक तेव्हा त्यांनाच बोल लावत होतो. मीही.

केंद्राच्या ‘मेरा अस्पताल’ या अभिप्राय घेण्याच्या योजनेत पेशंटला मेसेज किंवा फोन करून विचारतात. कागदी फॉर्मचंही तसंच करा, माणूस घरी पोचल्यावर विचारा. आणि त्यावर एक रकाना वाढवा: त्या पाळीत पेशंट किती, सिस्टर किती. तोच आकडा रोज, प्रत्येक पाळीला, वॉर्डाच्या दाराशी लिहायला लावा. फळा तिथे आहेच. सध्या त्यावर नातेवाईकांनी भेटायच्या वेळा आणि ‘शांतता राखा’ एवढंच असतं.

आपली,
एका पेशंटची मुलगी